चेतापेशी हुशार की पॅरामिशियम?

बारावीच्या वर्गात तर्कद्वारे शिकवताना मी बरीच वर्षे एक उदाहरण ठरल्यासारखे देत आलो आहे. मेंदूतील चेतापेशी म्हणजे निसर्गाने घडवलेले एक छोटेसे तर्कद्वार. पुरेसे इशारे आले की ती पेटते, नाही आले की गप्प बसते. भिंतीवरच्या विजेच्या बटणासारखी. फळ्यावर एक वर्तुळ काढायचे, डावीकडून चार बाण आत, उजवीकडे एक बाण बाहेर. मुले ते वहीत उतरवून घेत आणि तास पुढे सरके.

गेल्या वर्षी मात्र दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, चेतापेशी म्हणजे एकच पेशी ना? पॅरामिशियम पण एकच पेशी. पण ते पोहते, अन्न शोधते, अडथळा आला की मागे फिरते. मग मेंदूतली पेशीच नुसते बटण कशी? मेंदूत गेल्यावर पेशी बिनडोक होते का?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," असे म्हणून वेळ मारून नेली. तो 'उद्या' उजाडायला जवळजवळ चार महिने लागले. प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्यांना छळले, ग्रंथालय पालथे घातले, आणि शेवटी फळ्यावरचे ते वर्तुळ मलाच पुसावे लागले. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

पॅरामिशियमपासून सुरुवात करू. चपलेच्या तळव्यासारखा आकार आणि अंगभर हजारो बारीक केस, म्हणजे पक्ष्माभिका, हे चित्र तुमच्या ओळखीचे आहे. लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर, चांगली नजर असेल तर नुसत्या डोळ्यांनी पांढरा ठिपका म्हणून दिसू शकेल एवढी. पक्ष्माभिका वल्ह्यांसारख्या मारत ते सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने पुढे जाते. समोर वाळूचा कण आला तर काय होते, हे हर्बर्ट जेनिंग्ज या अमेरिकन शास्त्रज्ञाने तासन् तास सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहिले आणि १९०६ साली आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. पॅरामिशियम आपटते, थोडे मागे जाते, जागच्या जागी तिरके वळते आणि नव्या दिशेने पुढे निघते. पुन्हा आपटले तर पुन्हा तेच. अंधाऱ्या खोलीत दार शोधणाऱ्या माणसासारखे. शेपटीकडून टोचले तर मात्र ते मागे येत नाही, उलट जोरात पुढे पळते. म्हणजे धक्का कुठे बसला, हे त्याला कळते.

आता येथे भौतिकशास्त्राच्या माणसाला एक प्रश्न पडतो. धक्का बसला पुढच्या टोकाला. पण मागे यायचे तर पार शेपटीकडच्या पक्ष्माभिकांनीही उलटे मारायला हवे. पुढची बातमी मागे पोचते कशी?

पेशीत निरोप नेण्याचा सर्वांत साधा मार्ग म्हणजे विसरण. पुढच्या टोकाला एखादा पदार्थ सोडला की त्याचे रेणू इकडेतिकडे धडकत हळूहळू सर्वत्र पसरतात. पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब टाकल्यावर हेच होते. यासाठी एक सोपे सूत्र आहे : लागणारा वेळ म्हणजे अंतराचा वर्ग भागिले विसरण-गुणांकाची दुप्पट. लहान रेणूंसाठी पाण्यातील विसरण-गुणांक साधारणपणे १०⁻⁹ चौरस मीटर प्रतिसेकंद धरता येतो. वही घ्या आणि करून पाहा. अंतर एक मायक्रोमीटर असेल तर वेळ येतो अर्धा मिलिसेकंद. अंतर ०.२ मिलिमीटर असेल, म्हणजे पॅरामिशियमच्या लांबीइतके, तर २० सेकंद! तेवढ्या वेळात पॅरामिशियम आपल्या लांबीच्या शंभरपट अंतर पोहून जाते. आपटल्याची बातमी शेपटीला वीस सेकंदांनी मिळाली तर तिचा उपयोग काय? आणि अंतर एक मीटर असेल, म्हणजे आपल्या कण्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, तर उत्तर येते ५० कोटी सेकंद; सुमारे १६ वर्षे. जन्मल्याबरोबर बाळाच्या अंगठ्याला काटा टोचला, तर त्याची खबर त्याला दहावीच्या परीक्षेच्या सुमारास लागेल.

अंतराचा वर्ग हा येथला खरा खलनायक आहे. छोट्या पेशीला विसरण पुरते, मोठ्या पेशीला ते मारक ठरते.

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू पाहा. त्याची लांबी सुमारे दोन मायक्रोमीटर. त्याच्या शरीरात निरोप नेतात ती प्रथिने. ती लहान रेणूंपेक्षा सावकाश फिरत असली तरी एवढे अंतर सेकंदाच्या लहानशा अंशात कापतात. त्यामुळे त्याचे काम विसरणावर भागते. भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेले हॉवर्ड बर्ग आणि त्यांचे सहकारी डग्लस ब्राउन यांनी १९७२ साली पोहत्या जिवाणूचा माग काढणारा सूक्ष्मदर्शक वापरून दाखवले, की हा जीव साधारण सेकंदभर सरळ पोहतो, मग सेकंदाच्या दशांशभर जागीच गडबडतो, आणि कोणत्या तरी नव्याच दिशेने निघतो. पोहताना अन्नाचे प्रमाण वाढत असेल तर गडबडणे लांबणीवर पडते. म्हणजे 'आता' आणि 'मघाशी' यांची तुलना त्याला करता यायला हवी. १९८६ साली बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा 'मघाशी' मोजलासुद्धा : शेवटच्या एका सेकंदातील स्थिती त्याआधीच्या तीन सेकंदांशी ताडून पाहिली जाते. चार सेकंदांची स्मरणशक्ती! परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेल्या सूत्रांबाबत आमच्या काही विद्यार्थ्यांची असते, जवळपास तेवढीच.

पॅरामिशियमला मात्र हा मार्ग बंद आहे. ते पडले जिवाणूच्या शंभरपट लांब. त्याने काय केले? त्याने वीज वापरली.

प्रत्येक पेशीभोवती सुमारे सात नॅनोमीटर जाडीचे पटल असते आणि त्याच्या आतबाहेर आयनांचे प्रमाण वेगळे असल्यामुळे पटलावर विभवांतर असते. पॅरामिशियममध्ये ते साधारण ३० मिलिव्होल्ट, चेतापेशीत साधारण ७० मिलिव्होल्ट. आतली बाजू ऋण. आकडा क्षुल्लक वाटतो ना? पण ७० मिलिव्होल्टला सात नॅनोमीटरने भागा. विद्युत्‌क्षेत्र येते मीटरला एक कोटी व्होल्ट. कोरड्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे तीस लाख व्होल्ट पुरतात. आपल्या अंगातल्या प्रत्येक चेतापेशीचे पटल त्याच्या तिप्पट ताण दिवसरात्र सोसत असते. या पटलात प्रथिनांची छोटी छोटी दारे असतात. काही सोडियमची, काही पोटॅशियमची, काही कॅल्शियमची. काही दारे धक्क्याने उघडतात, काही विभवांतर बदलल्याने.

युताका नाइतो आणि रॉजर एकर्ट यांनी १९६९ साली पॅरामिशियममध्ये बारीक विद्युदग्रे खुपसून पाहिली. पुढच्या टोकाला टोचले की कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि आतली ऋण बाजू धन होऊ लागते. मागच्या टोकाला टोचले की पोटॅशियमची दारे उघडतात आणि आतली बाजू अधिकच ऋण होते. एकाच जिवाच्या दोन टोकांना दोन प्रकारची दारे! विभवातील हा बदल पेशीभर काही मिलिसेकंदांत पसरतो. वीस सेकंद थांबायला नको. तो पक्ष्माभिकांच्या पटलापर्यंत पोचला की तिथली कॅल्शियमची दारे उघडतात, पक्ष्माभिकेत कॅल्शियम भरते आणि ती उलटी मारू लागते.

हे कॅल्शियमच करते कशावरून? १९७२ साली नाइतो आणि कानेको यांनी एक विलक्षण प्रयोग केला. साबणासारख्या द्रव्याने त्यांनी पॅरामिशियमच्या पटलाची चाळण करून टाकली. म्हणजे पॅरामिशियम मेले. पण त्या सांगाड्याला योग्य द्रावणात एटीपी आणि मॅग्नेशियम पुरवताच तो सांगाडा पुढे पोहू लागला, आणि द्रावणातील कॅल्शियम एका मर्यादेपलीकडे वाढवताच मागे पोहू लागला. दुसरा पुरावा चिंग कुंग यांचा. त्यांना १९७१ च्या सुमारास अशी उत्परिवर्तित पॅरामिशियम मिळाली, की ज्यांची कॅल्शियमची दारेच बिघडलेली होती. ती अडथळ्याला धडकत, पण मागे येऊ शकत नसत. कुंग यांनी त्यांना नाव दिले 'प्यादे', कारण बुद्धिबळातले प्यादेही कधी मागे येत नाही.

आता चेतापेशीकडे या. हॉजकिन आणि हक्सले यांनी १९५२ साली समुद्रातील स्क्विड या प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर मोजमापे करून दाखवले, की तेथेही हीच युक्ती आहे : पटल, विभवांतर आणि विभवाने उघडणारी दारे. फक्त तेथे मुख्य भूमिका सोडियमची. या कामाला १९६३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. विशेष म्हणजे, चेतासंस्थेच्या कामी येणारी सोडियमची दारे ज्या घराण्यातली आहेत, त्याच घराण्यातली दारे प्राण्यांच्या जवळच्या नात्यातील काही एकपेशीय जिवांतही आहेत, असे २०११ साली दिसून आले. मेंदू नव्हता, चेतापेशी नव्हत्या, तेव्हाही हे सामान निसर्गाच्या वखारीत होते.

पण एक मोठा फरक आहे, आणि तो पुन्हा अंतराचाच. पॅरामिशियममध्ये धक्का हलका तर विभवातील बदल लहान, धक्का जोराचा तर बदल मोठा, आणि त्या मानाने मागे जाणेही कमीजास्त. पेशी लहान असल्यामुळे हा कमीजास्त इशारा वाटेत विरून जात नाही. एक मीटर लांबीच्या अक्षतंतूत असे चालणार नाही. पटल थोडेसे गळके असल्यामुळे साधा विद्युत्‌इशारा काही मिलिमीटरांतच क्षीण होतो. म्हणून तेथे तो वाटेत पुन्हापुन्हा नव्याने, पूर्ण उंचीचा तयार केला जातो. लांबच्या तारायंत्रासाठी मधल्या ठाण्यांवर इशारा नव्याने उभा करीत, तसेच हे. याची किंमत अशी, की इशारा एकतर पूर्ण जातो किंवा मुळीच जात नाही. 'बटण' ही उपमा येथूनच आली. १९४३ साली मॅक्‌कलॉक आणि पिट्स यांनी चेतापेशीचे गणिती रूप मांडले तेही असेच होते : आलेल्या इशाऱ्यांची बेरीज करा, ठरावीक मर्यादा ओलांडली तर एक, नाहीतर शून्य. माझे फळ्यावरचे वर्तुळ ते हेच.

आणि माझी चूकही हीच. इशारा बाहेर कसा पडतो यावरून, तो पाठवण्याचा निर्णय कसा होतो हे मी ठरवून टाकले होते. तार 'कट्ट-कडकट्ट' वाजते म्हणून ती लिहिणारा माणूस दोनच शब्द जाणतो, असे म्हणण्यासारखे ते झाले.

चेतापेशीचा निर्णय होतो तिच्या वृक्षिकांत, म्हणजे झाडाच्या फांद्यांसारख्या पसरलेल्या शाखांत. अनुमस्तिष्कातील एका पुरकिंजे पेशीच्या वृक्षिकांवर लाखाहून अधिक संपर्कस्थाने असतात. लाखभर तोंडे बोलत आहेत आणि ऐकणारी पेशी एक! या शाखा बारीक व लांब असल्याने सगळ्या पेशीचे विभव एकसारखे राहत नाही. एका फांदीवर एक, दुसरीवर दुसरे. आणि या फांद्यांनाही स्वतःची विभवाने उघडणारी दारे असतात.

याने काय साधते ते जिन्यातल्या दिव्यावरून समजेल. खाली एक बटण, वर एक बटण. कोणतेही एक दाबले तर दिवा लागतो, दोन्ही दाबली तर विझतो. तर्कद्वारांच्या भाषेत हे एक्सॉर द्वार. मॅक्‌कलॉक-पिट्स पद्धतीच्या एकट्या चेतापेशीला हे काम जमत नाही, हे गणिताने सिद्ध होते : एका इशाऱ्याने मर्यादा ओलांडली जात असेल, तर दोन इशाऱ्यांनी ती ओलांडली जाणारच. म्हणून पाठ्यपुस्तके सांगत, की यासाठी निदान दोन थर हवेत. पण २०२० साली अल्बर्ट गिडॉन, मॅथ्यू लार्कम व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मानवी मेंदूच्या तुकड्यांतील पेशींवर प्रयोग केले. तेथील वृक्षिकांत त्यांना असा एक विद्युत्‌इशारा आढळला, की तो मध्यम उद्दीपनाला सर्वांत मोठा येतो आणि उद्दीपन त्याहून वाढवले तर उलट लहान होतो. थोडे दिले तर हो, जास्त दिले तर नको! एका फांदीलाच एक्सॉर जमेल अशी ही व्यवस्था आहे. आणि हा इशारा कोणत्या आयनाचा? कॅल्शियमचा. पॅरामिशियमला मागे वळवणारे कॅल्शियम येथे जिन्यातला दिवा सांभाळत आहे.

पुढच्याच वर्षी, २०२१ साली, बेनियागुएव, सेगेव्ह आणि लंडन या संशोधकांनी उंदराच्या मेंदूतील एका मोठ्या चेतापेशीची बारकाव्यांसह संगणकावर प्रतिकृती घेतली आणि कृत्रिम चेताजालाला तिची नक्कल करायला शिकवले. एकाच पेशीची हुबेहूब नक्कल करायला पाच ते आठ थरांचे जाल लागले. ही प्रतिकृतीची नक्कल आहे, प्रत्यक्ष पेशीची नव्हे, हे ध्यानात ठेवावे. तरीसुद्धा एका वर्तुळाचे आणि चार बाणांचे दिवस संपले, हे मला कबूल करावे लागले.

गंमत अशी, की माझे ते वर्तुळ पॅरामिशियमलाच जास्त शोभते. त्याला धक्का लागो, रसायनाची चव लागो, पाणी तापो. हे सारे शेवटी पेशीभर जवळपास सारख्याच असणाऱ्या एका विभवात मिसळते आणि त्या एका आकड्यावरून पुढे की मागे, हळू की जोरात, हे ठरते. विजेच्या हिशेबापुरते पाहिले तर मोठी चेतापेशी ही फांदीफांदीवर वेगळी बेरीज करणारी कचेरी आहे आणि पॅरामिशियम हे एका माणसाचे दुकान.

पण दुकानदाराला कमी लेखू नका. स्टेन्टॉर हा कर्ण्याच्या आकाराचा दुसरा एकपेशीय जीव बुडाने एखाद्या पानाला चिकटून राहतो. जेनिंग्जने त्याच्या तोंडावर लाल रंगाच्या भुकटीचे कण सोडून पाहिले. स्टेन्टॉर आधी बाजूला वाकला. कण येतच राहिले तेव्हा पक्ष्माभिका उलट्या फिरवून त्याने ते ढकलून दिले. तेही पुरेना तेव्हा अंग आक्रसून घेतले, आणि अखेर बूड सोडून निघून गेला. त्रास तोच, पण उत्तर पायरीपायरीने बदलते. म्हणजे आधी काय करून झाले याची काहीतरी नोंद त्या पेशीत आहे. १९६७ साली दुसऱ्या संशोधकांना हे दिसले नाही आणि जेनिंग्जचे निरीक्षण बाजूला पडले. कारण साधे होते : त्यांनी वेगळी जात घेतली होती. २०१९ साली हार्वर्डमध्ये डेक्स्टर, प्रबाकरन आणि गुणवर्धना यांनी योग्य जात घेऊन, प्लॅस्टिकचे सूक्ष्म मणी वापरून प्रयोग पुन्हा केला. सगळे स्टेन्टॉर सगळ्या पायऱ्या चढले नाहीत, पण पायऱ्यांचा क्रम खरा निघाला. एक गोष्ट नवी कळली. आक्रसायचे की सोडून जायचे, या शेवटच्या निवडीत जणू नाणे उडवल्यासारखी जवळपास सारखी शक्यता दिसली.

एकपेशीय जीव खरोखर 'शिकतात' का, यावर मात्र वाद आहे. बीट्रिस गेल्बर यांनी १९५२ पासून पॅरामिशियम शिकते असा दावा केला, त्यावर कडक टीका झाली, आणि अलीकडे तो पुन्हा तपासण्याजोगा मानला जाऊ लागला आहे. मी स्वतः याबाबत कुंपणावर बसलो आहे आणि पुरावा येईपर्यंत तेथून उतरण्याची घाई नाही.

मग त्या मुलीला मी काय सांगितले? येणाऱ्या माहितीचे प्रमाण आणि तिच्यावरचे संस्कार पाहिले तर चेतापेशी पुढे. पण चेतापेशीच्या हातात करण्यासारखे फार थोडे असते. अन्न रक्तातून येते, शत्रूशी गाठ पडत नाही, पोहायचे नाही, आणि पूर्ण वाढ झाल्यावर विभागायचेही नाही. तिचा निर्णय चुकला तर त्याचा फटका साऱ्या प्राण्याला बसतो, तिला एकटीला नव्हे. पॅरामिशियमचा निर्णय चुकला तर ते स्वतःच संपते. त्याला एकाच विभवावर संसार चालवायचा असतो, आणि तो ते चालवते. 'हुशार' या शब्दाला एकच फूटपट्टी नाही, एवढे कळल्यावर ती म्हणाली, "म्हणजे सर, मेंदूत जाऊन पेशी बिनडोक होत नाही, फक्त नोकरीला लागते." यावर मला काही सुचले नाही.

ज्यांच्या शाळेत शंभरपट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक आहे त्यांनी हे करून पाहावे. भाताच्या पेंढ्याचे तुकडे पाण्यात उकळून ते पाणी गार करा, त्यात तळ्यातले पेलाभर पाणी मिसळा आणि आठवडाभर सावलीत ठेवा. पृष्ठभागाजवळचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात कापसाचे दोन-चार तंतू टाका. पॅरामिशियम तंतूंना आपटून मागे कशी येतात ते दिसेल. आता भरपूर पाणी घालून अगदी सौम्य केलेल्या व्हिनेगरचा बारीक थेंब मध्यभागी सोडा. काही वेळाने पॅरामिशियम त्यात गोळा होताना दिसतात. ती तिकडे ओढली जातात असे वाटेल, पण एकावरच नजर ठेवा : आत शिरताना ते अडत नाही, बाहेर पडताना मात्र थेंबाच्या कडेशी दचकून मागे येते. आमच्या प्रयोगशाळेत पहिले दोन थेंब फार तीव्र झाले आणि सगळी पॅरामिशियम मेली. तिसऱ्या वेळी जमले.